कोरडी पुंगळी

१

आधीच सांगून ठेवते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं, तर माझी कवळी ओर्फा ट्वाइटच्या कोंबड्यांपुढे टाका, खुशाल टोचू देत. सॉल्ट कूलीत कुणालाही विचारा. म्हणजे जे उरलेत त्यांना. मोन्टानाच्या या कोपऱ्यात माणसांपेक्षा कुंपणाचे खांब जास्त. आणि वारा असा, की एकदा पाद्रीबुवांचं अख्खं प्रवचन उडवून घेऊन गेला, ते शेजारच्या काउंटीतल्या कॅथलिकांना ऐकू आलं. दोघांनी पंथ बदलला. हेही खरं.

तर हरणांचा हंगाम उघडायच्या बेतात होता. रविवारी ओर्फा चर्चमधून परत आली, ट्रकमधून उतरली आणि मागच्या दारानं आत शिरते तो काय, हॅल्वरच्या खोलीचं दार उघडं.

हॅल्वर तिचा नवरा. मार्चमध्ये गेला. खोली म्हणजे स्वयंपाकघराला चिकटून काढलेली पडवी. तिथल्या बाकावर बसून तो आपल्या रायफलीची काडतुसं स्वतः भरायचा. विकतची काडतुसं वापरणं म्हणजे विकतचा पाय, म्हणजे फळं भरून भट्टीत भाजतात तो गोड पदार्थ, पाहुण्यांपुढे ठेवून "मीच केला" म्हणण्यासारखं, असं त्याचं मत. चाळीस-एक वर्षं हंगामाच्या पहिल्या दिवशी नवराबायको दोघं मिळून जायचे. तो काडतुसं भरायचा, ती थर्मास.

ओर्फानं दार ढकललं. खिडकीच्या फळीवर हिरवा डबा असायचा, तो नव्हता.

त्या डब्यात हॅल्वरनं शेवटच्या हिवाळ्यात भरलेली काडतुसं होती. ओर्फानं त्यांना हात लावला नव्हता. या हंगामात एकटीनं जायचं आणि त्याच्याच हातचं काडतूस नळीत घालायचं, एवढं तिनं मनाशी धरलं होतं. बाकी काही धरायला उरलं नव्हतं.

फळीच्या वर दारूचे डबे ओळीनं. दारू म्हणजे बंदुकीची. प्यायची असती तर सॉल्ट कूलीत टिकली असती का? तिथंही धुळीत एक स्वच्छ वर्तुळ होतं, एक डबा उचलल्यासारखं.

आणि बाकावरच्या मोठ्या प्रेसचा, म्हणजे काडतुसं भरायच्या यंत्राचा, दांडा खाली ओढलेला. तिनं तो वर करायला जोर लावला. दांडा हलेना.

२

बाकावर प्रेस एक नव्हतं, तीन होती. ते असे.

हॅल्वरचं जुनं प्रेस काळ्या बिडाचं. एका ओढीला एक काम. गोळी उडाल्यावर मागे उरलेली पितळी पुंगळी परत मापात आणायची, एक ओढ. तोंड थोडं उघडायचं, एक ओढ. दारू घातली की गोळी बसवायची, अजून एक ओढ. हॅल्वरला ते आवडायचं. पण ओर्फाचा उजवा खांदा एका गाईनं गुरं अडवायच्या लोखंडी गल्लीत चिरडला होता. इतक्या ओढी तिला झेपेनात. म्हणून तिनं ठरवलं, नव्या तऱ्हेचं प्रेस घ्यायचं. त्यात खाली गोल ताटली असते, ताटलीत पुंगळ्या उभ्या. दांडा एकदा ओढला की प्रत्येक पुंगळीचं आपापलं काम एकदम होतं. मग ताटली एक घर पुढे सरकते आणि शेवटच्या घरातून तयार काडतूस टपकतं.

कुठलं घ्यावं, हे ती एकदाच चर्चच्या कॉफीवर बोलून गेली. झालं. सॉल्ट कूलीच्या बाप्यांना बायकोचा वाढदिवस आठवायचा नाही, पण प्रेस म्हटलं की वाचा फुटते. वेंडेल स्कारनं आपलं अवाढव्य प्रेस आणून बाकावर ठोकलं. त्याचं नाव त्यानं बर्था ठेवलं होतं. डेलमर फाउट्सनं आपलं लहान आणलं. निवृत्त पाद्री गेरहार्ट यांनी काही आणलं नाही, उपदेश आणला. "वापरून बघ, मग ठरव," म्हणाले तिघं. आणि दर आठवड्याला कुणी ना कुणी ठरवायला मदत म्हणून येऊन बसू लागलं. ओर्फाला काही घाई नव्हती.

आता दांडा अडकला होता तो बर्थाचा.

तिनं वरची डाय पान्यानं सोडवली. डाय म्हणजे पोलादी साचा, ज्यात घुसून पुंगळी मापात येते. आत एक पुंगळी घट्ट रुतलेली, आणि बुडाची कडा फाटून ताटलीत राहिलेली. कुणीतरी अंगातला सगळा जोर लावला होता. ओर्फानं पुंगळीच्या बाहेर राहिलेल्या अंगावरून बोट फिरवलं. बोट नाकाला लावलं. मग डाय रुमालात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवली, त्या जागी हॅल्वरची जादाची डाय बसवली, आणि फोन उचलला.

"आई, तूच कुठेतरी ठेवला असशील," पलीकडून जोएल म्हणाली. जोएल तिची लेक, फिनिक्सला राहते.

"मी ठेवला नाही."

"गेल्या महिन्यात केटल करपली ती?"

"केटल मी विसरले. मान्य. हे मी केलेलं नाही."

"आई, ज्याला आठवत नाही त्याला आठवत नाही हेसुद्धा आठवत नाही गं." जोएलचा आवाज मऊ झाला. मऊ झाला की ओर्फाला जास्त भीती वाटायची. "तू कबूल केलं होतंस. आणखी एक असं काही झालं की घर विकायचं आणि इकडे यायचं. मी येतेय. मग बोलू."

ओर्फानं फोन ठेवला. घरात रेडिओ चालू होता. गुरांच्या बाजाराचे भाव सांगत होता. तिला गुरं विकायची नव्हती. माणसाचा आवाज असतो म्हणून लावायची.

तिनं आपल्या हातांकडे बघितलं. ती सरकारी डाग-तपासनीस होती, आयुष्यभर. बाजारात आलेल्या प्रत्येक जनावराच्या अंगावरचा मालकीचा डाग बघायचा, कुणाचं आहे ते सांगायचं, चोरानं डागावर डाग मारला असेल तर ओळखायचं. कातड्यानं तिला कधी फसवलं नव्हतं. पण आज चोर म्हणून तिच्यापुढे उभी होती ती स्वतःच, आणि आपला स्वतःचा डाग कुणाला वाचता येतो?

३

वेंडेल स्कार गवताच्या गठ्ठ्यांवर उभा होता. खाली न उतरताच ओरडला.

"या इन्स्पेक्टरबाई! बर्था घेताय ना?"

"रविवारी चर्चला नव्हतास."

"गाई पळाल्या होत्या. देवाला कळतं, गाईंना नाही कळत."

"माझा डबा गेला, वेंडेल. हॅल्वरचा, हिरवा."

वेंडेल उतरला. उतरताना दोनदा थांबला, गुडघ्यांसाठी. "शेवटचा डबा? तो कोण घेईल? हॅल्वरचं माप दुसऱ्या कुणाच्या रायफलीत बसत पण नाही."

"तुझ्या बसतं."

"माझ्या बसतं," वेंडेलनं कबूल केलं, आणि मान लाल झाली. "पण मला काय कमी आहे? बर्थावर दुपारभरात बादली भरते. तुला खरं सांगू, बर्थाच घे. फक्त पुंगळीला मेंढीच्या लोकरीची चरबी चोळायची, कंटाळा न करता. माझी बायको डोरीन म्हणते, तुझ्याशेजारी झोपणं म्हणजे भिजलेल्या मेंढीशेजारी झोपणं. उशीलासुद्धा वास."

"मग ती काय करते?"

"दुसऱ्या खोलीत झोपते. बारा वर्षं झाली." तो हसला. हसणं मध्येच संपलं. "हॅल्वर असता तर म्हणाला असता, वेंडेल, मेंढीला तरी विचारलंस का?"

मग वेंडेल म्हणाला, "ओर्फा, डबा तूच कुठे..."

"तूसुद्धा म्हण," ओर्फा म्हणाली आणि ट्रकात बसली.

४

पाद्री गेरहार्ट यांच्या घरात सगळं काटकोनात. कॉफी इतकी पातळ की कपाच्या तळाची फुलं दिसत होती.

"मी तुम्हाला विचारत नाही, पाद्रीबुवा. तुम्ही माझ्या पुढच्या बाकावर होता. गात होता."

"धन्यवाद."

"चांगलं गात होता, असं नाही म्हटलं मी."

पाद्रीबुवांनी बशी सरळ केली. ते लांबचं निशाण मारणारे. दारू कणाकणानं तोलून घालायचे. "ओर्फा, मी पुन्हा सांगतो. एका ओढीला चार कामं करणारं यंत्र म्हणजे एका डोळ्यानं चार लेकरं सांभाळणं. एखादी पुंगळी रिकामी गेली, एखादीत दारू दोनदा पडली, तर तुझ्या तोंडापाशी फुटेल. हळू करणाऱ्याला चूक दिसते."

"हॅल्वर हळूच करायचा."

"हो." पाद्रीबुवा थांबले. "गेल्या हिवाळ्यात त्यानं मला एकाच सकाळी, आजचं स्तोत्र कुठलं, म्हणून तीनदा विचारलं. मी म्हटलं, थकलाय."

"थकलाच होता," ओर्फा पटकन म्हणाली. गेल्या हिवाळ्यात तो जेवण झालं की खोलीत जायचा आणि दार लावून घ्यायचा. आधी कधी लावत नसे. ती इकडे स्वयंपाकघरात विणत बसायची, दांड्याचा आवाज ऐकत. आपल्यावर चिडलाय, असं तिला वाटायचं. कशावरून, ते तिनं विचारलं नाही, आणि मग मार्च आला.

तिथून ती डेलमर फाउट्सकडे गेली. डेलमर धान्याच्या गोदामावर काम करतो. सुटीच्या दिवशी जुन्या काळच्या गुराख्याचा वेष करून, मिशीला मेण लावून, रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धांना जातो. बायको गेल्यावर त्यानं मिशी वाढवली. त्या मिशीवर एकदा चिमणीनं घरटं केलं होतं. पिल्लं उडेपर्यंत त्याला सूप प्यायला नळी लागायची.

"तू रविवारी कुठे होतास, डेलमर?"

"घरी. सर्दी." त्यानं पुरावा म्हणून शिंकायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"आमच्या फळीवर एका डब्याची जागा रिकामी आहे."

"तो माझा डबा, रिव्हॉल्व्हरच्या दारूचा. हॅल्वरकडे ठेवला होता, कधी तिथं बसून भरायचो तेव्हा. मागे प्रेस लावायला आलो तेव्हा घरी नेला. तुला सांगायचं राहिलं." हे तो सरळ डोळ्यांत बघून म्हणाला. मग डोळे खाली गेले. "ओर्फा, हंगामाला विकतची काडतुसं घे ना. मी आणून देतो. चांगली मिळतात हल्ली."

"मला हॅल्वरची हवीत."

"हो," डेलमर म्हणाला. "ते मला माहितीय."

घरी परत येताना ओर्फानं डोक्यात सगळं ओवून बघितलं. वेंडेल चर्चला नव्हता, आणि त्याच्या रायफलीत ते माप बसतं. डेलमर चर्चला नव्हता, आणि त्याच्याकडे रायफलच नाही. तिसरी ती स्वतः. चर्चला निघायच्या आधी तिनं दांडा ओढला असेल, आणि विसरली असेल. जोएल हेच म्हणणार.

मग तिला एक जुनी गोष्ट आठवली. बाजारात गुराचा मालक कोण हे ठरेना, तर ती दोघा भांडणाऱ्यांना सांगायची, "जनावर हलवून दाखवा." ज्याचं जनावर, त्याचा हात न बघता बरोबर जागी पडतो.

तिनं तिघांना निरोप धाडला. शनिवारी या. मी प्रेस ठरवतेय.

५

तिघंही आले, अंघोळ करून आले. डेलमरच्या मिशीचं मेण अजून ओलं. ओर्फानं रूबार्ब नावाच्या आंबट देठांचा पाय कापला आणि वापरलेल्या पुंगळ्यांची वाटी बर्थाशेजारी ठेवली. वाटीच्या बाजूला, थोडी मागे, लोकरीच्या चरबीची पत्र्याची डबी.

"माझा खांदा दुखतोय," ती म्हणाली. "तर तुम्ही प्रत्येकानं बर्थावर एक पुंगळी घालून दाखवा. ज्याच्या हाताला सोपं वाटेल त्याचं मी ऐकेन."

"यात काय बघायचं," वेंडेल म्हणाला. बोलता बोलता त्याचा डावा हात आपोआप डबीकडे गेला, दोन बोटं बुडाली, पुंगळीवरून फिरली, आणि उरलेली चरबी पँटीला पुसली गेली. त्यानं तिकडे बघितलंही नाही. दांडा ओढला. पुंगळी लोण्यातून सुरी जावी तशी आत गेली नि बाहेर आली. "बघ! बर्था!"

पाद्रीबुवा पुढे झाले. त्यांनी आधी चरबीचा वास घेतला, बोटाच्या टोकाला तिळाएवढी घेतली, पुंगळीला लावली आणि रुमालानं जास्तीची पुसली. दांडा असा ओढला, जणू बाळाला पाळण्यात ठेवतायत. "तरी मी या यंत्राच्या विरोधात आहे," म्हणाले.

"डेलमर, तू."

"मी कशाला. मी रायफलवाला नाही."

"म्हणून तर. तुझ्या हाताला सोपं तर माझ्याही हाताला सोपं."

डेलमरनं वाटीतली पुंगळी उचलली. ताटलीत ठेवली. डबीकडे त्याचा हात गेला नाही. सरळ दांड्यावर गेला. आणि तिथं थांबला. त्यानं दांडा इतका हळू खाली आणला, की पितळ पोलादाला नुसतं टेकलं, आणि त्याच्या कपाळाला घाम आला.

"अडकेल हं ही," तो पुटपुटला. "या प्रेसची डायच खराब आहे."

"माझ्या बर्थाची?" वेंडेल उसळला. "आत्ता दोन गेल्या डोळ्यांदेखत!"

ओर्फा उठली. तिनं पिठाचा डबा आणला, आतून रुमाल काढला, आणि रुतलेल्या पुंगळीसकट डाय बाकावर ठेवली. पीठ उडालं.

"काहीतरी अडकलं होतं हे मी कुणाला बोलले नाही," ती म्हणाली. "वेंडेलला नाही, पाद्रीबुवांना नाही, लेकीलासुद्धा नाही. अडकेल म्हणून तुला कुणी सांगितलं, डेलमर?"

६

वारा खिडकीला धक्के देत होता.

"हिच्यावर चरबीचा वास नाही," ओर्फा पुढे म्हणाली. "कोरडी आहे. रायफलीची पुंगळी मानेशी निमुळती, ती कोरडी घातली तर जाम होते. हे रायफलवाल्याला झोपेत माहीत असतं. वेंडेलच्या तर उशीलासुद्धा चरबीचा वास. पण रिव्हॉल्व्हरची पुंगळी सरळसोट नळी, तिच्या डायला चरबी लागत नाही. जन्मभर जो फक्त तीच भरत आला, त्याच्या हाताला चरबी माहीतच नाही. मी विसरले असते तरी माझा हात विसरला नसता. मी काल वीस वेळा घालून बघितलं, गप्पा मारत, गाणं म्हणत, डोळे मिटून. वीसही वेळा हात डबीत गेला."

"काल गप्पा कुणाशी मारल्यास?" वेंडेलनं विचारलं.

"कोंबडीशी."

पाद्रीबुवांनी वेंडेलचा दंड धरला. "चल, बाहेर जाऊन तुझ्या गुडघ्यांबद्दल बोलू." दोघं बाहेर गेले.

डेलमर बाकाजवळच्या पेटीवर बसला. "तुझ्याकडे बर्थावरच रायफलीची डाय लावलेली होती. माझ्याकडे नाहीच. मला वाटलं होतं, तू यायच्या आत नवी भरून डब्यात ठेवीन. तुला कळलंही नसतं. पहिलीच रुतली. ओढली, ओढली, फाटली. मग तुझा ट्रक दिसला. डबा घेऊन मागच्या कुंपणातून पळालो. या वयात, या पायांनी."

"डबा कशाला?"

त्यानं खिशातून एक काडतूस काढलं. बाकावरच्या पक्कडीनं गोळी उपटली. पुंगळी तिच्या तळव्यावर उपडी केली.

रायफलीची दारू कशी असते ते ओर्फाला पाठ होतं. पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे असावेत तशी. तिच्या हातावर पडलेले होते ते चपटे, पातळ, करडे पापुद्रे.

"ही तुझी दारू आहे," ती म्हणाली.

"माझा डबा घरी नेला आणि उघडला. मी गेल्या शरद ऋतूपासून त्यातलं काही घेतलं नव्हतं. तो अर्ध्याहून खाली होता. मला कळेना, गेली कुठे? मग कळलं. दोन्ही डबे काळे. शेजारी शेजारी. हॅल्वरनं एक सोडून दुसरा घेतला." डेलमरनं पक्कड बाकावर ठेवली. "रायफलीच्या पुंगळीत ही एवढी भरली तर ते काडतूस नाही राहत, ओर्फा. बॉम्ब होतो. पहिल्याच दिवशी तुझ्या गालाशी फुटला असता."

ओर्फानं हात तसाच उघडा धरला होता. श्वासानं पापुद्रे हलत होते.

"मला सांगायचं होतंस. एक शब्द. 'ओर्फा, हे उडवू नको.'"

"मग तू विचारलं असतंस, का. आणि त्यानं मला शपथ घातली होती." डेलमर जमिनीकडे बघत बोलत होता. "हिवाळ्यापासून त्याला विसरायला व्हायचं. कप ठेवला कुठे, दिवस कुठला. एकदा माझं नाव विसरला, इथंच, या बाकावर. रडला. म्हणाला, ओर्फाला कळू देऊ नको, ती मला लेकराकडे बघतात तसं बघेल. दार लावून बसायचा ना? तू बघू नयेस म्हणून."

ओर्फानं भिंतीकडे बघितलं. भिंतीपलीकडे विणत बसलेली ती बाई तिला दिसत होती, रुसलेली. आणि भिंतीअलीकडे दांडा ओढणारा हॅल्वर, डब्यांवरची अक्षरं जुळवत, घाबरलेला. मध्ये एक वीत लाकूड. दोघांपैकी एकानं नुसती टकटक केली असती.

"मला वाटायचं, तो चिडलाय," ती म्हणाली.

"माहितीय. तोही म्हणायचा, ती चिडलीय."

डेलमर उठला. टोपी हातात फिरवत दारापर्यंत गेला. "बाकीची मी सगळी उघडून दारू शेतात पसरून टाकली. डबा परत आणून देतो."

"डबा राहू दे तुझ्याकडे," ओर्फा म्हणाली.

७

जोएल येण्याच्या आदल्या दिवशी ओर्फानं तिला फोन केला.

"डबा सापडला. डेलमरनं नेला होता. सांगायचं विसरला."

"डेलमर विसरला?"

"विसरला. म्हाताराय."

जोएल हसली, आणि मग हुश्श केलं, इतक्या जोरात की ओर्फाला कळलं, लेकीलाही ते घर विकायचं नव्हतं. "बाबांच्या वेळी हे असं काही नव्हतं ना गं?" तिनं अचानक विचारलं. "म्हणजे, ते विसरायचे वगैरे?"

"तुझा बाप?" ओर्फा म्हणाली. "तुझ्या बापाला शेवटपर्यंत सगळं लख्ख आठवत होतं."

एवढं खोटं तिला चालतं. डाग-तपासनीसाची नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती.

घर राहिलं तिचं. हंगामाच्या पहिल्या दिवशी ती विकतची काडतुसं घेऊन टेकडीवर गेली. हरीण समोर आलं, जवळ आलं, इतकं की त्याच्या पापण्या दिसत होत्या. तिनं रायफल उचलली नाही. थर्मासमधली कॉफी प्यायली, दोघांची, आणि परत आली.

मग तिनं प्रेस ठरवलं. बर्था नाही, बर्थाची ताटली आपोआप सरकते, आपण कुठे बघतोय याची तिला पर्वा नसते. ओर्फानं असं घेतलं, ज्याची ताटली हातानं फिरवावी लागते. प्रत्येक घरापाशी थांबायचं, पुंगळीत डोकावायचं, दारू आहे का, बरोबर आहे का, आणि मगच बोटानं पुढे ढकलायची. वेंडेल म्हणाला, "हे तर गोगलगाय आहे." पाद्रीबुवा म्हणाले, "हे मी सहन करू शकतो."

तेव्हापासून दर शनिवारी ती बाकावर बसते, आणि समोर दुसरी खुर्ची मांडलेली असते. तिच्यावर डेलमर बसतो, हातात विजेरी. ती दांडा ओढते, तो वाकून पुंगळीत उजेड पाडतो आणि म्हणतो, "आहे." ती ताटली फिरवते. पुन्हा ओढते. "आहे." खोलीचं दार सताड उघडं असतं.

अगदी असंच सगळं झालं, बरं का. चिमणीचं घरटंसुद्धा. फक्त ती दुसरी खुर्ची मी माझ्या मनानं मांडली. हॅल्वरची शपथ मोडली म्हणून असेल, डेलमर त्या शनिवारनंतर ओर्फाच्या दारात आला नाही. रस्त्यात दिसला की टोपी उचलतो नि पलीकडच्या बाजूला जातो. तिनं दोनदा रूबार्बचा पाय धाडला, दोनदा धुतलेली बशी परत आली. ओर्फा एकटीच ओढते, एकटीच विजेरी धरून वाकते, नीट बघते, आणि रिकाम्या खोलीत मोठ्यांदा म्हणते, "आहे."